ख्रिस्त पटतो, बाप्तिस्मा पटत नाही. तुमचं मत काय?

खानापूरकर (धागा सुरू करणारा)

मी मराठा घरातला, घरात पिढ्यान्‌पिढ्या पंढरीची वारी. कॉलेजपासून बायबलचा नवा करार वाचतोय आणि बेळगावात कॅम्पातल्या एका मराठी उपासनेला मित्राबरोबर जातो. डोंगरावरचं प्रवचन, लूकच्या पंधराव्या अध्यायातली उधळ्या मुलाची गोष्ट, शत्रूवर प्रेम करा ही शिकवण, हे सगळं मला मनापासून पटतं. मित्र म्हणतो, एवढं पटतंय तर बाप्तिस्मा घे, म्हणजे पाण्याचा विधी करून रीतसर ख्रिस्ती हो. मी नाही म्हणालोय.

कारण योहानाच्या चौदाव्या अध्यायातलं सहावं वचन. ‘मार्ग, सत्य व जीवन मीच आहे’ इथपर्यंत मी येतो. त्यापुढे ‘माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही’ असं आहे, तिथे अडतो. माझी आजी माळकरी होती. अक्षरओळख नव्हती, पण हरिपाठ तोंडपाठ. दारात आलेला माणूस तिने कधी उपाशी पाठवला नाही, मग तो कुठल्याही जातीचा असो. ती देवापर्यंत पोचलीच नाही, असं ज्यातून निघतं त्या वाक्याला मी सगळ्यांसमोर उभा राहून ‘हो’ म्हणू शकत नाही.

विनंती एकच. तांदूळ, पैसे, परदेशी फंड देऊन धर्मांतर करतात, हे आरोप इथे आणू नका. हा दावा खरा आहे की नाही, आणि माणसाने तो का स्वीकारावा किंवा नाकारावा, यावर बोला.

टिळकवाडीकर

दादा, तुमचा निर्णय बरोबर आहे. फक्त मी त्याला वेगळं कारण देईन. धर्म म्हणजे नुसतं पुस्तकातलं मत नव्हे. लग्न कुठे जुळायचं, बापाचं श्राद्ध कोण घालणार, गावच्या यात्रेत पालखीला खांदा कोण देणार, हे सगळं त्यात आलं. एक माणूस उठतो आणि म्हणतो की मला सत्य सापडलं. त्या सत्याची किंमत घरातली बाकीची माणसं मोजतात. आमच्या भावकीत हे झालंय. आई आणि मुलगा एकाच वाड्यात राहून सणाच्या दिवशी वेगळं जेवतात.

कायद्यानेही हे गांभीर्य ओळखलं आहे. 1977 साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की धर्माचा प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. आपल्या सुवर्णसौधमध्ये (बेळगावातल्या विधानभवनात) डिसेंबर 2021 मध्ये कर्नाटक विधानसभेने जे धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केलं, त्यात धर्म बदलण्याआधी 30 दिवस जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याची अट होती. मला ती योग्य वाटली. एवढा मोठा निर्णय घरापासून लपवून का घ्यावा?

कॅम्पातली शिक्षिका

लपवून घेऊ नये हे मान्य. पण जिल्हाधिकाऱ्याला कळवून घ्यावा, हे अजिबात मान्य नाही. मी कुणापुढे गुडघे टेकते हे सरकारला अर्ज भरून का सांगायचं? त्या कायद्यात महिला आणि अनुसूचित जाती-जमातींचं बेकायदा धर्मांतर केल्यास जास्त शिक्षा ठेवली होती. म्हणजे आम्हा बायकांना स्वतःचं डोकं नाही, असं गृहीत धरलं. जून 2023 मध्ये नव्या मंत्रिमंडळाने तो रद्द करायचा निर्णय घेतला, तेव्हा मला बरं वाटलं.

आता घर तुटण्याबद्दल. बाबा पदमनजी आपल्या बेळगावचेच, कासार घरात 1831 साली जन्मलेले. 1854 साली त्यांनी इथेच बाप्तिस्मा घेतला. मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते ती ‘यमुनापर्यटन’ त्यांचीच, 1857 ची. धर्म बदलल्यावर त्यांना मिळालं काय? घर सुटलं, पत्नी बरोबर आली नाही. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, आणि पुढे स्वतः विचार करून ख्रिस्ती झाल्या. नवऱ्यामागे फरफटत गेल्या नाहीत. दुःख झालं म्हणून विश्वास खोटा ठरत नाही, टिळकवाडीकर. पंढरीची वाट धरणाऱ्या संतांनाही घरच्यांनी आणि गावाने कमी छळलं का?

खानापूरकर दादा, तुमच्या वचनाबद्दल. ते वाक्य प्रभूने कुणाच्या आजीचा निकाल लावायला उच्चारलेलं नाही. प्रभूला अटक झाली त्याच रात्री, अटकेआधी, घाबरलेले शिष्य जेवायला बसलेत, थोमा विचारतो, ‘आम्हाला वाट कशी माहीत असणार?’ त्याला दिलेलं ते उत्तर आहे. आणि रोमकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढून बघा. ज्यांच्याजवळ नियमशास्त्र नाही त्यांच्याही अंतःकरणावर ते लिहिलेलं असतं, असं प्रेषित पौल लिहितो. तुमच्या आजीचा न्याय देव करील, मी नाही आणि तुमचा मित्रही नाही.

निपाणीचा वाचक

ताई, हे उत्तर प्रेमळ आहे, पण चर्चने शेकडो वर्षं ते असं शिकवलेलं नाही. चर्चबाहेर तारण नाही, हेच शिकवलं. आज आपल्याला ते टोचतं म्हणून अर्थ मऊ करायचा, हे मला पटत नाही.

मी देव मानत नाही. तरी खानापूरकरांचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्यांनी शिकवण आणि दावा वेगळे केले. शिकवण चांगली आहे, वाद नाही. पण ख्रिस्ती धर्म शिकवणीवर उभा नाही. पौल स्वतः करिंथकरांस पहिल्या पत्रात, पंधराव्या अध्यायात लिहितो की ख्रिस्त मेलेल्यांतून उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ. मग तोच मुद्दा तपासू. येशूची कहाणी सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी मत्तयात कबरीजवळ एक देवदूत, लूकमध्ये दोन पुरुष. योहानात मग्दालिया मरीयाच तेवढी कबरीकडे येते, बाकी ठिकाणी तिच्यासोबत इतर स्त्रिया आहेत. मार्कची सर्वांत जुनी हस्तलिखितं सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीशी थांबतात: स्त्रिया घाबरून पळाल्या आणि कुणाला काही बोलल्या नाहीत. उठलेल्या येशूची भेट त्यात नाहीच. ते पुढे जोडलेलं आहे. मेलेला माणूस उठला, एवढी मोठी गोष्ट मी अशा साक्षींवर मान्य करू?

कॅम्पातली शिक्षिका

सर, चार साक्षीदार शब्दाला शब्द एकच बोलले असते तर तुम्हीच म्हणाला असता की पढवलेले आहेत. पौलाचं ते पत्र क्रुसावरच्या मरणानंतर पंचवीसेक वर्षांतलं आहे. पाचशेहून अधिक जणांना तो दिसला आणि त्यातले बहुतेक अजून हयात आहेत, असं त्यात लिहिलंय. आणि बायकांची साक्ष ज्या काळात हलकी धरत, त्या काळात कहाणी रचणाऱ्याने पहिला साक्षीदार म्हणून बाई कशाला निवडली असती?

निपाणीचा वाचक

त्यांचा विश्वास प्रामाणिक होता एवढंच त्यातून सिद्ध होतं. ते मी आधीच मानतो. प्रामाणिक माणसांना दिसलेलं सगळं घडलेलं असतंच असं नाही.

चिकोडी तालुका, जय भीम

वरची चर्चा वाचून एक सांगावंसं वाटलं. आमच्या वस्तीत धर्म स्वीकारायचा की नाकारायचा, हा प्रश्न पोथीपासून सुरू होत नाही. माझ्या आज्याच्या वेळी देवळात जाता येत नव्हतं. मिशनवाल्यांनी पाटी-पेन्सिल दिली आणि बाकावर बसवलं. त्याला ‘आमिष’ म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं की तुमच्या शाळेच्या दारात आम्हाला कोण बसू देत होतं.

पण मी ख्रिस्ती नाही आणि होणार नाही. एक तर अनुसूचित जातींबद्दलच्या 1950 च्या राष्ट्रपती आदेशाने ख्रिस्ती झालेल्या दलिताची अनुसूचित जातीची नोंद जाते. शिखांना 1956 मध्ये आणि बौद्धांना 1990 मध्ये सवलत मिळाली, ख्रिस्ती दलितांना नाही. गावातली जात मात्र त्याला सोडत नाही. लग्न ठरवताना ख्रिस्ती लोकसुद्धा ‘मूळचे कुठले’ विचारतात, हे मी स्वतः ऐकलंय. दुसरं कारण मोठं आहे. बाबासाहेबांनी सगळे धर्म तपासले आणि 1956 मध्ये बुद्ध निवडला, कारण तिथे कुणा तारणाऱ्यापुढे हात पसरावा लागत नाही. मला पापी म्हणून सुरुवात करणारा धर्म नको. आमच्या माणसांना हजारो वर्षं जन्मानेच अपवित्र म्हटलं. आता आणखी कुणाकडून जन्मजात पाप ऐकून घ्यायची माझी तयारी नाही.

हुक्केरीची सून

दादा, तुमचं शेवटचं वाक्य काळजाला लागलं. पण माझा अनुभव उलटा आहे, म्हणून लिहिते.

माझं पोरगं लहान असताना तापाने फणफणलं, झटके यायला लागले. रात्री गाडी करून मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नेलं. नवरा बाहेर पिऊन पडलेला. सासू म्हणत होती की मी यल्लम्माचा नवस चुकवला म्हणून हे झालं. वॉर्डात शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती, तिच्या उशाशी जुनं पुस्तक, कव्हरला पिवळी चिकटपट्टी लावलेली. तिने मला जवळ बसवलं आणि म्हणाली, ‘पोरी, हे तुझ्यामुळं झालेलं नाही.’ मग योहानाचा नववा अध्याय वाचून दाखवला. जन्मांध माणसाला बघून शिष्य विचारतात, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापाने? प्रभू म्हणतो, कुणीच नाही.

पोराला डॉक्टरांनी वाचवलं, हे मला ठाऊक आहे. चमत्कार झाला असं मी कुणाला सांगत नाही. पण दोष माझा नाही, हे मला पहिल्यांदा त्या पुस्तकातून कळलं. दोन वर्षांनी बाप्तिस्मा घेतला. घरात अजून पुरणपोळी मीच करते, फक्त नैवेद्य जाऊबाई दाखवते. तुम्हाला तो धर्म पापी म्हणतो. मला त्यानंच मोकळं केलं.

टिळकवाडीकर

ताई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण हा धीर आपल्या अभंगातही होता. तो तुम्हाला कुणी वाचून दाखवला नाही, हा आमचा दोष. त्यासाठी देव बदलावा लागला, याचं मला वाईट वाटतं.

हुक्केरीची सून

कुणी वाचून दाखवला नाही, हेच तर झालं ना, भाऊ.

खानापूरकर

सगळ्यांचे आभार. निपाणीच्या सरांशी मी सहमत नाही. पुनरुत्थानाबद्दल माझं मन नकाराकडे झुकत नाही, त्या साक्षी वाचताना मला खोटेपणा जाणवत नाही. चिकोडीच्या दादांचा मुद्दा मात्र मी टाळू शकत नाही. मी मराठा म्हणून बाप्तिस्मा घेतला तरी माझं काही जात नाही, त्यांचं जातं. एकाच पाण्याची किंमत दोघांना वेगळी पडते, आणि चर्चने यावर मोठ्याने बोलायला हवं.

शिक्षिकाताई, रोमकरांस पत्राचा दुसरा अध्याय काल रात्री वाचला. आजीच्या बाबतीत मन हलकं झालं. पण तुमच्या उपासनेत दर महिन्याला जे शिकवतात ते तुमच्यासारखं नाही. तिथे माळकऱ्यांना ‘अंधारात’ म्हणतात. ते बदलेपर्यंत मी येईन, गाईन, प्रार्थना करीन, पण पाण्यात उतरणार नाही. माझी श्रद्धा ख्रिस्तावर आहे, त्या वाक्यावर नाही.

कॅम्पातली शिक्षिका

दादा, या, जरूर या. पण स्पष्ट सांगते, हा मधला मुक्काम मला बरोबर वाटत नाही. ज्याला प्रभू मानता त्याने बाप्तिस्मा घ्यायला सांगितलंय, मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात. त्याचं आवडेल तेवढंच ऐकायचं, असं चालत नाही. आणि आमच्या मंडळीत प्रभुभोजनाची भाकर (येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत वाटतात ती) बाप्तिस्मा घेतल्याशिवाय मिळणार नाही. ‘अंधारात’ हा शब्द मात्र मलाही खटकतो. येत्या रविवारी पाळकसाहेबांशी मी स्वतः बोलणार आहे. तुम्हीही थांबा, दोघं मिळून बोलू.