ट्रॅक सॉ घेऊ, की आहे त्या सर्क्युलर सॉला पट्टी लावून भागेल?

मानेवाड्याचा_हौशी

नमस्कार मंडळी. आधी माझी परिस्थिती सांगतो, म्हणजे "तुम्हाला काय करायचंय त्यावर आहे" हे उत्तर वाचेल.

नोकरी हिशेबाची, सुतारकाम रविवारचं. गेल्या दिवाळीत मुलीसाठी १९ मिमी प्लायचं कपाट केलं. सात इंची सर्क्युलर सॉ, आणि कडेला ॲल्युमिनियमची चौकोनी नळी दोन सी-क्लॅम्पनी आवळून. कपाट उभं राहिलं. दारं लावली, तर दोन्ही पल्ल्यांमधली फट वर ४ मिमी आणि खाली शून्य. सासरे पाहायला आले. काही बोलले नाहीत, फक्त पेपरची घडी करून एका पायाखाली घालून पाहिली. बोलले असते तर बरं झालं असतं.

आता स्वयंपाकघर काढलंय. साधारण १० शीट. घर नागपुरात, तिसऱ्या मजल्यावर, आठ बाय चारची शीट लिफ्टमध्ये मावत नाही, म्हणून कापायचं काम खाली पार्किंगमध्ये. तिथे पंखा नाही, सावली आहे, आणि दुपारी दोन ते चार आवाज करायचा नाही असा सोसायटीचा नियम आहे.

ट्रॅक सॉसाठी (म्हणजे ॲल्युमिनियमच्या रेलवर सरकणाऱ्या सर्क्युलर सॉसाठी) रेल धरून ४०,००० पर्यंत जाऊ शकतो. माकिताचा एसपी६००० आणि बॉशचा जीकेटी ५५ या दोनांत अडकलोय. रेल किती लांबीची घ्यावी? बॅटरीवाला घ्यावा का? आणि मुळात हा खर्च करावा का? घरी मी "बघू" एवढंच सांगितलंय.

सूतभर

भाऊ, हिंगण्याच्या एमआयडीसीत ३१ वर्षं फिटर होतो. लाकडात आलो ते निवृत्तीनंतर. ट्रॅक सॉ २०१८ पासून वापरून राहिलो, म्हणून जरा लांब लिहितो.

तुमची ती फट मशीन बदलून जाणार नाही. रेल सरळ कापते, काटकोनात कापत नाही. ही दोन वेगळी कामं आहेत. तुमची नळीसुद्धा सरळच होती, फक्त तिरकी लागली होती. हिशेब तुमचा धंदाच आहे, करून पहा: रेल ०.१ अंशानं फिरली तर ६०० मिमीवर १ मिमीची चूक, आणि शीटच्या १२२० रुंदीवर २ मिमीच्या वर. ०.१ अंश कोणाच्या डोळ्याला दिसत नाही. ४ मिमीची फट मात्र सासऱ्यांना दिसते.

म्हणून पहिला नियम, शीटच्या कंपनीच्या कडेवर विसंबू नका. मी माझं पहिलं टीव्ही युनिट त्या कडेवरून मापं घेऊन कापलं. ते आता माळ्यावर आहे, त्यात जुने कूलरचे पंप ठेवलेत. आता मी लांब कडेवरून ८-१० मिमीची चिंधी काढून टाकतो आणि नव्या कडेवर पेन्सिलनं मोठी फुली मारतो. पुढची सगळी मापं त्या फुलीवरूनच. आडवा काप घ्यायच्या आधी ३-४-५ नं काटकोन तपासा: कडेवर ९००, आडवे १२००, तिरपे १५०० यायला पाहिजेत. शीटची रुंदी १२२० असल्यामुळे हे अगदी बेतात बसतं. बाजारातला छोटा गुण्या एवढ्या अंतराला पुरत नाही, त्याची आठ इंची टांग कुठवर खरं सांगणार.

तुकडा कापून झाला की दोन्ही कर्ण मोजा. खालच्या कपाटाची बाजू ७२० बाय ५६० असेल तर दोन्हीकडून ९१२ आलं पाहिजे. एकीकडे ९१० आणि दुसरीकडे ९१४ असेल तर पुढचा तुकडा कापू नका, चहा घ्या आणि रेल पुन्हा लावा.

दुसरं म्हणजे एकसारखे तुकडे. चार बाजू ५६० च्या हव्या असतील तर टेप चार वेळा लावू नका. टेपची आकडी जरा ढिली असते, आपली मान प्रत्येक वेळी वेगळ्या कोनात असते. प्लायची एक पट्टी बरोबर मापाला कापा, एक टोक कडेच्या ठोकळ्याला टेकवा, दुसऱ्या टोकाला रेल टेकवा. अशा दोन पट्ट्या, रेलच्या दोन्ही टोकांना एकेक. म्हणजे माप आणि समांतरपणा दोन्ही एकदम मिळतात. यावर मी पैसे खर्च केले नाहीत, फक्त दोन वर्षं वाया घालवली.

आता मशीन. ट्रॅक सॉचे पैसे कशाचे, तर रेलच्या कडेला जी पातळ रबरी पट्टी असते तिचे. सर्क्युलर सॉचं पातं पुढच्या बाजूनं खालून वर कापत येतं, म्हणून वरच्या थराच्या कपच्या उडतात. साध्या सॉनं कापताना चांगली बाजू खाली ठेवतो ती याचसाठी. रेलची पट्टी नेमकी काप-रेषेवर वरचा थर दाबून धरते, म्हणून चांगली बाजू वर ठेवता येते. नवी रेल आणली की पहिल्या कापात पातं ती पट्टी स्वतःच छाटून घेतं. त्यानंतर पट्टीची कड म्हणजेच काप-रेषा. पेन्सिलच्या खुणेवर कड ठेवायची आणि चालवायचं, पातं कुठं पडेल याचा हिशेब संपला. पण पात्याची जाडी विसरू नका. माझा चर २.२ मिमीचा पडतो, तो टाकाऊ बाजूला गेला पाहिजे. आणि कपच्यांपासून राखण फक्त रेलखालच्या बाजूची होते, पलीकडच्या तुकड्याची नाही. पात्याचा प्रकार बदलला तर पट्टीची कड पुन्हा बघा. नवं पातं जाड निघालं तर ते पट्टी आणखी छाटतं, आणि मग जुन्या पात्याला तिचा उपयोग राहत नाही.

लांबी: आडव्या कापाला १४०० ची रेल पुरते, पण बेताची. मशीन सुरू करताना तिचा तळ रेलवर नीट बसलेला पाहिजे, तेवढ्यासाठी ते वरचे १८० मिमी. उभ्या कापाला १४०० च्या दोन जोडा, २८०० होतात. ३ मीटरची एकच सलग रेल सगळ्यात चांगली, पण ती तुमच्या जिन्यात वळणार नाही. ओळखीतल्या एकानं मागवली होती, तिचं खोकं आलं तेव्हाच मधून वाकलेलं होतं. परत पाठवताना त्याचा महिना गेला.

कुठल्या कंपनीची? माकिताचा सॉ फेस्टूलच्या रेलवर चालतो आणि फेस्टूलचा माकिताच्या. बॉशची रेल वेगळी, ती माफेलशी जमते. म्हणजे आज जी रेल घ्याल त्या घरात लग्न झालं असं समजा. सॉ एकदा बदलता येतो, तीन रेल जमल्या की मन होत नाही.

एवढं सगळं सांगून शेवटी हे, की आज काही घेऊ नका. ६ मिमी प्लायची फूटभर रुंद, पाच फूट लांब पट्टी घ्या. तिच्यावर १२ मिमीची सरळ पट्टी फेविकॉल आणि स्क्रूनं बसवा. मग तुमचा सात इंची सॉ त्या पट्टीला टेकवून चालवा, ६ मिमीचा जादा भाग आपोआप कापला जाईल. झाली तुमची रेल. तिची कड म्हणजे तुमच्या पात्याची रेषा, आणि कपच्याही दाबून धरते. हिच्यावर एक कपाट काटकोनात निघालं तर खुशाल ट्रॅक सॉ घ्या. नाही निघालं तर ४०,००० वाचले.

लकडगंज_रोजचा

सूतभर काकाची गोष्ट खरी हाय. पण मी धंद्याच्या हिशोबानं सांगून राहिलो.

धा शीट हाय न भाऊ? तर कटिंग लिस्ट बनवा अन् लकडगंजच्या लाकूडबाजारात या. पॅनल सॉवाले शीट घेतात अन् तुमच्या मापानं कापून देतात. थ्या मशीनले खालून एक बारकं पातं असते, थे आधी चर पाडते, मंग मोठं पातं जाते, म्हणून प्रीलॅमचे, म्हणजे वरचा थर आधीच चिकटवलेल्या बोर्डाचे, दोन्हीकडचे काठ साफ येतात. अर्ध्या दिवसात काम. तुकडे लिफ्टमधी बी मावतात, हे तुमाले पहिले काहून सुचलं नाही?

फक्त लिस्ट नीट लिवा. मिलिमीटरमधीच लिवा. आमच्या इकडे जुने मिस्त्री अजून सुतात बोलतात, आठ सुताचा एक इंच, अन् पोट्टा मशीनवर टेप मिलिमीटरची लावते. मंग भांडण. काठाची पट्टी लावायची असन तर तिची जाडी वजा करून माप द्या. अन् रेषा कोण्या दिशेनं पाह्यजे थे बी बाण काढून द्या, नाही तर एक दार उभं अन् एक आडवं दिसते.

सिंकच्या खाली ७१० नंबरचं, पाण्यात टिकणारं प्लाय लावा, साधं ३०३ नको. थ्या जागी पैसे वाचवून काही होत नाही.

अन् एक हात जोडून. मार्बल कटरमधी लाकडाचं पातं टाकून कापणारे लय पाहिले, आमी बी केलं हाय. पण ग्राइंडरमधी लाकडाचं पातं टाकू नका. थ्या मशीनले पकड नाही, तळ नाही. आमच्या गल्लीत एका पोट्ट्याचा अंगठा गेला.

भुसा_नको

मी प्रतापनगरला गॅलरीत प्रीलॅमचे बुकशेल्फ करते, त्यामुळे जागा आणि शेजारी या दोन्ही बाबतीत तुमच्या बाजूनं बोलते. माझ्याकडे माकिताचा वायरवाला आहे.

पॅनल सॉचा सल्ला उत्तम आहे, पण माझं उलटं होतं. तिथून आणलेले तुकडे घरी लावताना एखादा हमखास ३ मिमीनं मोठा पडतो, कारण आपली भिंतच सरळ नसते. तेव्हा घरात काहीतरी लागतंच. म्हणून मोठे काप बाजारात, शेवटचे घरी.

खाली टेबल नको, जमिनीवर दोन इंची इन्सुलेशनचा फोम पसरा. कडक, गुळगुळीत येतो तो. पांढरा थर्माकोल घेऊ नका. त्याचे मणी चपलेला चिकटून देवघरापर्यंत जातात, मला सासूबाईंनी दाखवले. पात्याची खोली शीटच्या जाडीपेक्षा ४-५ मिमीच जास्त ठेवा. एसपी६००० ला उथळ चराचं एक बटण आहे. प्रीलॅमवर आधी त्यानं २ मिमीचा चर पाडून घेते, मग पूर्ण खोली. वेळ दुप्पट, पण कड आरशासारखी. पातं बारीक दातांचं, ४८ च्या आसपास.

त्याच मशीनची एक उणीव सांगते. पात्यामागे जी पोलादी जीभ असते, रिव्हिंग नाइफ, ती याला नाही. मी एकदा शीटच्या मध्यात पातं पटकन खाली दाबलं, तर मशीन मागे उसळलं आणि रेलवर खरवड पडली. हाताला काही झालं नाही, पण त्या दिवशी पुन्हा मशीन लावलं नाही. आता मध्यात पातं उतरवायचं असलं की मशीनच्या मागे रेलवर एक क्लॅम्प अडसर म्हणून लावते आणि हळू उतरवते.

बॅटरीबद्दल. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. गरम बॅटरी चार्जरला लावली तर तो आधी ती थंड व्हायची वाट बघतो, आणि ती नागपुरात कुठे होणार? पार्किंगमध्ये प्लग असेल तर वायरवालाच घ्या. व्हॅक्यूम लावायला तसाही प्लग लागतो. व्हॅक्यूम लावाच. आणि कापताना कूलर बंद. मी पहिल्यांदा गॅलरीचं दार उघडं ठेवून एमडीएफ कापलं, कूलर चालू होता, खिडकी मागे. संध्याकाळी वरणावर साय आली असं वाटलं.

मानेवाड्याचा_हौशी

पाच आठवड्यांनी हिशेब द्यायला आलोय.

सूतभर काकांची घरगुती रेल केली. तिच्यावर एक कपाट कापलं, कर्ण ९१२ आणि ९१२.५. मी ते पेन्सिलनं आतल्या बाजूला तारखेसकट लिहून ठेवलंय. सासऱ्यांना अजून दाखवलं नाही.

सहा शीट लकडगंजात कापून घेतल्या. बाणांचा सल्ला दिला नसता तर दारं नक्की आडवी झाली असती, कारण पोरानं बाण बघूनही दोनदा विचारलं. उरलेल्यांसाठी एसपी६००० आणि १४०० च्या दोन रेल घेतल्या. घरी "बघू"चं "आणलं" झालं, त्यावर वेगळा धागा काढता येईल.

आता अडचण. दोन रेल जोडून लांब काप घेतला तर बरोबर सांध्यापाशी कडेला हलका फुगवटा येतो, पाऊण मिमीचा असेल. टोकं एकमेकांना घट्ट भिडवून मग स्क्रू आवळले होते. मशीन सांध्यावरून जाताना टक् असा आवाजही येतो. रेलच खराब निघाली का?

सूतभर

रेल चांगली आहे, भिडवलं तेच चुकलं. रेलची टोकं काटकोनात कापलेली असतातच असं नाही. घट्ट भिडवली की दोन्ही रेल त्या तिरक्या टोकांच्या म्हणण्यानं वळतात. मध्ये पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट सोडा. मग लांब सरळ नळी, तीच तुमची जुनी, रेलच्या मागच्या कडेला दोन्ही रेलना सारखी टेकवा. टेकलेली असतानाच स्क्रू आवळा, आलटून पालटून, थोडे थोडे. रबरी पट्टीची कड धरून जुळवू नका, ती मऊ असते.

टक् आवाज तरीही राहिला तर सॉच्या तळाचे जे दोन खटके रेलवर बसतात ते जरा जास्त आवळले गेलेत. मशीन डुलता कामा नये, पण एका बोटानं सरकलं पाहिजे.

आणि रेल गाडीच्या टपावर बांधून उन्हात उभी करू नका. माझ्या एका रेलची पट्टी तशीच सुटली, गोंद विरघळून. बर्डीवर भाजी घ्यायला गेलो होतो, पंधरा मिनिटं.