आरोग्याचा निधी कापला, जाब कसा विचारायचा?

प्रश्न: राज्याच्या अर्थसंकल्पात आरोग्याला तरतूद दिसते, पण जिल्हा रुग्णालयात औषधं नाहीत. कात्री नेमकी कुठे लागते?

उत्तर १: बहुतेकदा वितरणात. मंजूर, वितरित आणि खर्च हे तीन वेगळे आकडे आहेत. बीम्सवर (राज्य सरकारची निधीवाटपाची ऑनलाइन प्रणाली) आरोग्याची लेखाशीर्षं, म्हणजे खर्चाचे खाते-क्रमांक, तपासा: २२१० (महसुली, म्हणजे औषधं-पगारासारखा चालू खर्च) आणि ४२१० (भांडवली, म्हणजे इमारतींसारखा खर्च). मार्चअखेरीस निधी सुटला की खरेदीप्रक्रिया पूर्ण होत नाही, पैसे परत जातात. आणि मंत्री तरतुदीचाच आकडा सांगतात!

उत्तर २: जिल्ह्याचे हे तिन्ही आकडे माहिती अधिकारात मागा. अर्ज १५० शब्दांत, विषय एकच, शुल्क १० रुपये. ते कागद आमदारांना देऊन तारांकित प्रश्न (मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न) टाकायला लावा. स्वीकृत झाला तर मंत्र्यांचं उत्तर नोंदीवर येतं.

उत्तर ३: कॅगचे (महालेखापरीक्षकांचे) विनियोजन लेखेही बघा, म्हणजे मंजूर रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च यांचा हिशेब. अखर्चित रकमा तिथे सापडतात, विधिमंडळाची लोकलेखा समिती तेच तपासते.