मदत हवी आहे : रूममेट पहाटेपर्यंत मोबाईलवर

आम्ही तिघं सांगलीत विश्रामबागला रूम करून राहतो, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. त्यातला एक तासगावकडचा. दोन विषय राहिल्यापासून पहाटेपर्यंत गेम नाहीतर रील्स, लेक्चरला दांडी, मेसचा डबा तसाच पडून. घरचा फोन उचलत नाही. द्राक्षबागेवर कर्ज आहे, ते टेन्शन वेगळंच. मानसशास्त्रज्ञ किम्बर्ली यंग यांची 20 प्रश्नांची इंटरनेट व्यसनाची चाचणी दिली, तर म्हणाला, "आधी तुम्ही भरा." (तेही खरंच म्हणा.) मोबाईल काढून घेणं मला पटत नाही, सध्या तो बोलतो ते गेममधल्या पोरांशीच. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, पण लावत नाही. सांगली-मिरजेत पोरांशी नीट बोलणारे समुपदेशक कुणाला माहीत आहेत का? आणि त्याच्या वडिलांना आत्ताच कळवावं का?