भंगार शिसं: साठवण आणि वितळवणं

प्रश्न: गळाची वजनं घरी ओतायची आहेत. दहाएक किलो शिसं जमलंय: पाइपचे तुकडे, चाकांच्या बॅलन्सिंगची वजनं, एका जुन्या बॅटरीच्या प्लेटा. सगळं पुठ्ठ्याच्या खोक्यात आहे आणि काही तुकड्यांवर पांढरी भुकटी आलीय. आहे तसंच वितळवलं तर चालेल का?

उत्तर १: नाही. बॅटरीच्या प्लेटा घरी वितळवायच्याच नाहीत. त्यांत आम्ल, शिशाचं सल्फेट आणि अँटिमनी असतं, कधी आर्सेनिकही. वितळवताना वर जमणाऱ्या मळीला ओल लागली की विषारी वायू सुटू शकतो. त्या बॅटरीच्या पुनर्वापरासाठीच द्या.

पांढरी भुकटी म्हणजे शिशाचं कार्बोनेट. पुठ्ठ्यातून आणि लाकडातून निघणाऱ्या ॲसिटिक आम्लाच्या वाफेने ते धरतं. झटकू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. साठवायला झाकणाचे छोटे प्लास्टिकचे डबे घ्या. लिटरभर शिसं ११ किलोच्या वर भरतं, म्हणून डबे जमिनीलगतच ठेवा.

उत्तर २: चाकांच्या वजनांत जस्ताचीही असतात. पक्कडीने चावून बघा: शिसं सहज दबतं, जस्त दाद देत नाही. शिसं ३२७ अंशांना वितळतं, जस्त ४२० ला. निवडताना सुटलेलं जस्त ३५०-३७० अंशांवर तरंगतं, तेवढ्यात झाऱ्याने काढा. एकदा विरघळलं की रस रवाळ होतो आणि साचा नीट भरत नाही.

उत्तर ३: सगळ्यांत मोठा धोका पाण्याचा. रसाखाली गेलेल्या थेंबाची क्षणात वाफ होते, आकारमान हजारपटीहून जास्त वाढतं आणि अख्खं भांडं अंगावर उडतं. नुकतंच पुसलेलं शिसं पूर्ण वाळू द्या. बंद तोंडाचे पाइप आधी कापून उघडा. भांडं थंड असतानाच भरा आणि मग आच लावा. तयार रसात गार तुकडा टाकायचा नाही. डाव आणि साचाही आधी तापवून घ्या. भांडं बिडाचं किंवा स्टीलचं हवं, ॲल्युमिनियमचं कधीच नको. चेहऱ्यावर शील्ड, चामड्याचे हातमोजे, बंद बूट, पँट बुटांवरून. मळी सुटी करायला वाटाण्याएवढं मेण पुरे, ते भडकून पेटतं हे धरूनच चाला.

प्रश्नकर्ता: आणि धुराचं काय?

उत्तर १: ४०० अंशांच्या आत शिशाची वाफ फारच कमी असते, पोटात जाते ती मळीची धूळ. काम उघड्यावर करा, बारीक धूळ अडवणारा पी-१०० मास्क लावा, मळी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात अलगद ओता. खाण्यापूर्वी हात साबणाने धुवा, कपडे वेगळे धुवा. लहान मुलं आणि गरोदर बाई आसपास नकोत. ते भांडं पुन्हा स्वयंपाकाला वापरायचं नाही.