विचारायला गेलो आणि माझाच अंदाज चुकला, तुमचं कधी असं झालंय का?

गेले पंधरा दिवस एक गोष्ट डोक्यातून जाईना म्हणून हा धागा काढतोय. मी बेळगावात वडगावला वाढलो, आता इथंच उद्यमबागेत एका फाउंड्रीत शिफ्ट सुपरवायझर आहे. आमच्याकडं मोल्डिंगला बैलहोंगलकडचा एक पोरगा आहे, कामाला एक नंबर, खरं तोंड म्हणून उघडायचं नाही. काही सांगितलं की मान हलवायची, चूक काढली की खाली बघायचं. भारी मग्रूर गडी आहे असं मी दोन वर्षं धरून चाललो होतो आणि चार लोकांना सांगितलंही होतं.

मागच्या पावसात एक लॉटच्या लॉट ब्लोहोलनं रिजेक्ट झाला. (साच्याच्या सँडमध्ये, म्हणजे वाळूत, ओल जास्त राहिली की वितळलेल्या धातूचा गरम रस ओतल्यावर तिची वाफ होते, वाट मिळाली नाही की कास्टिंगच्या पोटात बुडबुडे राहतात.) नंतर कळलं की ह्यानं सकाळीच मुठीत सँड दाबून बघितली होती, ओली लागली होती, आणि बोलला नाही. मी नेहमीसारखा 'का रे, तोंड नाही तुला?' म्हणून ओरडलो. तो गप्प. जेवणाच्या सुट्टीत मात्र काय वाटलं कुणास ठाऊक, त्याच्या शेजारी जाऊन बसलो आणि माझ्या मोडक्या कन्नडात 'ऊटा आतेन्री', म्हणजे जेवण झालं का, केलं. त्याला हसू फुटलं. मग हळूहळू म्हणाला की कन्नडमध्ये मोठ्या माणसाशी बोलताना शेवटी 'री' लावलं की झालं, मान दिला. मराठीत तो मान नेमका कुठं घालायचा तेच त्याला कळत नाही, कधी 'आला' तर कधी 'आलात', अख्खं क्रियापदच हलतं. नवीन असताना एकदा मालकांना 'तू कधी आलास' म्हणून बसला आणि सगळी शेड हसली. तेव्हापासून बंद. हसणाऱ्यात मीपण होतो म्हणे. मला आठवतसुद्धा नव्हतं.

दोन वर्षांत मी त्याला शंभर वेळा 'का' विचारलं असेल, का रे उशीर, का रे हे असं, त्यातला एकपण प्रश्न नव्हता बघा, उत्तर मी आधीच ठरवून जायचो.

तुमचं असं काही झालं असेल तर लिहा. उपदेश नको, घडलेलं सांगा.

रताळीवाला, खानापूर तालुका

माझं थोडं वेगळं हाय. वडील गेल्यावर वारसा लावायला उतारा काढला, सगळा कन्नडमध्ये. एक अक्षर लागेना. ऑफिसात विचारलं तर 'वाचून घ्या' म्हणाले, डोकंच फिरलं. महिनाभर मी भेटेल त्याला ह्यांना आम्हाला त्रासच द्यायचाय म्हणून सांगत हिंडलो. पोरगी मराठी शाळेत तिसरीला, त्यांना कन्नड विषय असतो, एका रात्री तिचंच पुस्तक घेऊन बसलो तिच्यासमोर. पप्पा हा ह्रस्व ए, हा दीर्घ ए, म्हणून ती मला शिकवायची. आपल्यात एकच ए, एकच ओ, त्यांच्यात दोन दोन, हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं, एवढी वर्षं बसच्या पाट्या बघत जाऊन! वीसेक दिवसांत अडखळत उतारा वाचला आणि सापडलं की वडिलांच्या नावातच एक मात्रा कमी होती, त्याच्यावरनं बँकेत सगळं अडकलेलं.

दुरुस्तीच्या लाईनीत माझ्या पुढं एक म्हातारा होता, धारवाडी कन्नड बोलणारा. माझ्या हातातला कागद बघून म्हणाला तुम्हाला वाचता येतं काय, माझापण जरा बघा की. त्याची भाषा, त्याच्या भाषेतला कागद, आणि त्याला काहीच कळत नव्हतं, शाळेत गेलाच नव्हता बिचारा. मी वाचून दाखवला. मोडका तोडका. त्याच्यापण कागदात चूक होती.

एक स्पष्ट सांगतो, कागद मराठीत मिळायला पाहिजेत हे माझं मत हाय तिथंच हाय. १५ टक्क्यांच्या वर भाषिक अल्पसंख्याक असतील तिथं महत्त्वाचे नियम, नोटिसा त्यांच्या भाषेत द्याव्यात असं ठरलेलं हाय, ती काय कुणाची मेहेरबानी नव्हे. खरं समोर बसलेला क्लार्क मुद्दाम करतोय हे मी ज्या खात्रीनं सांगत होतो ती खात्री गेली.

निपाणीची

आमच्या भागात बायकापण 'मी आलो, मी जेवलो' म्हणतात, इथल्यांना सांगायला नको. पुण्यात बीएडला गेलो (बघा!) तेव्हा होस्टेलवर पहिल्याच दिवशी ह्याच्यावरनं इतकं हसं झालं की महिनाभरात मी 'आले, गेले' करून टाकलं. त्याचं काही नाही. वाईट हे की सुट्टीत घरी आल्यावर मी आईला सुधारायला लागले. ती फोनवर मावशीला 'मी दळण टाकून आलो' म्हणाली की मी मागनं 'आले'. आई काही बोलायची नाही. दिवाळीत बघितलं तर माझ्यासमोर ती वाक्यच अर्धं सोडायची, 'मी बाजारात...' आणि पिशवी दाखवायची. पिशवी दाखवायची हो! त्या दिवशी रात्री झोप लागली नाही. लाज आईची वाटत नव्हती, होस्टेलवरच्या त्या चार पोरींची भीती मी घरी घेऊन आले होते, आणि हे मला मी स्वतःलाच तीन वेळा विचारल्यावर कळलं, पहिल्या दोन वेळा मी 'शुद्ध बोललेलं बरं' असंच उत्तर दिलं. आता घरी 'आलो', शाळेत 'आले'. शाळेत चुकून 'आलो' गेलं तरी पोरं हसत नाहीत, त्यांच्या आया तसंच बोलतात.

शहापूरची सून

माझं माहेर गदगचं, मराठी लग्नानंतर शिकले, चुकलं तर सांभाळून घ्या. पहिल्या आठवड्यात सासूबाई आमटी वाढत होत्या आणि मी 'साक्री, साक्री' म्हणत होते, म्हणजे पुरे. त्या उठून साखरेचा डबा घेऊन आल्या. नवीन सून, बोलायचं कसं, मी आमटीत साखर घालून खाल्ली. दोन महिने त्या माझ्या आमटीत आधीच साखर घालत होत्या, आणि मला वाटायचं ह्या घरात आमटी गोडच करतात!

जुना बेळगावकर

वाचतोय सगळं. मला खरं 'समजून घ्या' ऐकलं की चीड येते, कारण ते कायम आम्हालाच सांगतात. आमच्या घरात १७ जानेवारी १९५६ चा, बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून झालेल्या आंदोलनावरचा गोळीबार हा काय पुस्तकातला विषय नाही, आजोबा त्या गर्दीत होते. दर हुतात्मा दिनाला मी जातो, जात राहणार.

एवढं लिहून थांबणार होतो. निपाणीच्या ताईंचं वाचलं आणि एक आठवलं. आजी जायच्या आदल्या वर्षी मी तिला सहज विचारलं, त्या दिवशी तू काय करूलालतीस गं? आजोबांची गोष्ट मी पन्नास वेळा ऐकली होती, तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, "घरात पीठ नव्हतं. तीन पोरं. हा माणूस दोन दिवस घरी नाही, जिता हाय का मेला पत्ता नाही. मी शेजारनं शेरभर जोंधळं उसनं आणलं, आणि मला सरकारचा नव्हे, ह्याचा राग आला होता." मी म्हटलं मग तू हे कधी बोलली का नाहीस. म्हणाली, घरात माणसं यायची, हार घालायची, त्यात मी पिठाचं काय काढू?

मला वाटायचं आमच्या घराचा एक इतिहास आहे. आता आजोबांचा फोटो बघितला की शेरभर जोंधळं आठवतात. कुणाकडनं आणले ते विचारायचं राहिलं.

धागाकर्ता

जुना बेळगावकर, तुमचं वाचून मी बराच वेळ काही टाईप केलं नाही.

आमच्याकडचं पुढं सांगतो. काल सकाळी पोरगा स्वतः माझ्या टेबलाशी आला, हातात मूठभर सँड. "साहेब, तू बघ. री." असं म्हणाला. मी दाबून बघितली, ओलीच होती.