सुरेश भट सभागृहात आपलं झाडीचं नाटक जमेल का?

धानकरी, लाखांदूर तालुका: पुतणीच्या गॅदरिंगसाठी नागपूरला रेशीमबागेतल्या सुरेश भट सभागृहात गेलो होतो. जवळपास २००० खुर्च्या, एसी. आदल्या दिवशी तिथं गझल, दुसऱ्या दिवशी कुण्या समाजाचा मेळावा. लय आवडलं जी! मनात आलं, आपलं झाडीपट्टीचं, म्हणजे भंडारा-गडचिरोलीकडचं नाटक तिथं का नको? पण आपला पडदा रात्री दहाला उघडते अन् पहाटे पडते. माय गोणपाट अंथरून, पदरात शेंगा बांधून बसते. नातू तिच्या मांडीवरच झोपते, लावणी लागली की उठते.

वडसेकर: रातभर हॉल कोण देईल भाऊ? तीन तासांत बसवा लागेल. आपल्या झाडीपट्टीचे नाट्यकलावंत परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री भेटली, तेव्हापासून शहरातले लोकही विचारतात. करून पाहा.

बचतगटवाली ताई: तीन तासांत गाणी कापतील, मग काय उरलं? आमच्या समाजमंदिरात सकाळी अंगणवाडी, दुपारी गटाची बैठक, सांजेला सामुदायिक प्रार्थना. नाटक मात्र मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या मांडवातच.

धानकरी: ताई, गाणी नाही कापू देणार. तरी शहरातल्या आपल्या पोरांनी एकदा पाहावं, एवढंच वाटते.