सगळ्या सायफाय पिक्चरची गोष्ट एकच असते का? मग ओरिजिनल कशाला म्हणायचं?

लाटेवरचा:
मंडळी, एक भांडण सोडवा. आम्ही काहीजण कॉलेजपासून एकांकिका करतो, आता शॉर्टफिल्म करायचीय म्हणून मी स्क्रिप्ट लिहिलंय. समुद्र वर चढल्यानंतरची मुंबई, वरळी कोळीवाडा अर्धा पाण्यात, एका कोळणीला होडक्यात सापडलेलं पोर, तिनेच वाढवलेलं, मग एक म्हातारा पाणबुड्या त्याला तयार करतो, म्हातारा मरतो आणि पोरगा जाऊन भरतीचं पाणी अडवणारे शहराचे दरवाजे उघडतो. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर वाचून दाखवलं तर मित्र म्हणतो, हे तर स्टार वॉर्स, वाळवंट काढून वरळी टाकलीयस. तेव्हापासून मला सगळीकडे तेच दिसतंय, मॅट्रिक्स घ्या, ड्यून घ्या, आपला कल्की घ्या, कुणीतरी निवडलेला असतोच. मग साचा कुठे संपतो आणि ढापणं कुठे सुरू होतं?

गिरगावची_पिक्चरवेडी:
मित्राच्या हिशोबाने मग स्टार वॉर्स (१९७७) पण ढापलेलाच. जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या १९५८ च्या 'द हिडन फोर्ट्रेस' या पिक्चरवरून सुचल्याचं स्टार वॉर्सवाल्या जॉर्ज लुकासने स्वतःच सांगितलंय. त्यात लढाईतून जीव वाचवून निघालेले दोन फाटके शेतकरी सुरुवातीपासूनच एकमेकांशी कचाकचा भांडत चाललेले असतात. गोष्ट खरी सरदाराची आणि राजकन्येची, पण आपण ती या दोन भुक्कडांच्या मागे मागे फिरत बघतो. लुकासने त्यांचे दोन यंत्रमानव केले. शिवाय पुराणकथांचा अभ्यासक जोसेफ कॅम्बेलचं १९४९ चं पुस्तक त्याने वाचलेलं, नायकाचं घर सुटतं, गुरू भेटतो, मरणाच्या दारातून परत येतो वगैरे, जगभरच्या पुराणांत हेच आहे असं कॅम्बेलचं म्हणणं. पण कुरोसावा बघून आणि कॅम्बेल वाचून बाहेर पडलेल्या दुसऱ्या कुणाला स्टार वॉर्स सुचला का? नाही ना, मग.

कर्णाची_बाजू:
कॅम्बेलचं नाव आलं की माझं डोकं फिरतं. घर सोडून परत घरी, या त्याच्या वर्तुळात बसतं तेवढंच तो उचलतो. कर्णाला बसवून दाखवा की त्यात! पेटीतून नदीत सोडलेलं पोर, सूताने वाढवलेलं, इथपर्यंत सगळं ठीक, ऑटो रँक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने तर १९०९ मध्येच अशा जन्मकथांच्या यादीत कर्ण घेतला होता. पण पुढे? गुरूच शाप देतो, आई भेटते ती लढाईच्या तोंडावर आणि तेही कामासाठी, आणि हा सगळं कळूनसुद्धा दुर्योधनाची बाजू सोडत नाही. घरी परत येणं नाहीच, चाक रुतलं आणि संपलं. तो लक्षात राहतो तो साचा मोडला म्हणून.
आणि मेख अशी की ८० च्या दशकात व्होग्लर नावाच्या माणसाने डिस्नेत असताना कॅम्बेलचं छोटं टिपण करून वाटलं, मग १९९२ मध्ये त्याचं पुस्तक आलं, आणि पुराणांत जे आपोआप आलं होतं ते लोक रेसिपीसारखं मोजून घालायला लागले. पिक्चर एकसारखे वाटतात ते त्याने. हर्बर्टने १९६५ च्या मूळ ड्यून कादंबरीत हाच साचा घेतला पण वाकडा करून, निवडलेल्या माणसाच्या मागे लोक डोळे मिटून गेले की काय होतं ते दाखवायला. (पुढची कादंबरी स्वतः वाचायची असेल तर इथे थांबा.) १९६९ च्या दुसऱ्या भागात त्याच नायकाच्या नावाने अब्जावधी माणसं मेलेली असतात.

कोर्टनाका:
कायद्याचं थोडक्यात. आर. जी. आनंद खटला, सुप्रीम कोर्ट, १९७८. नाटकवाल्याचं म्हणणं होतं की 'न्यू दिल्ली' पिक्चर माझ्या नाटकावरून उचलला. कोर्ट म्हणालं कल्पना, विषय, कथानक, पौराणिक गोष्ट यावर कॉपीराइट नसतो, ती मांडली कशी त्यावर असतो, आणि दोन्ही पाहिलेल्याला ही नक्कलच आहे असं स्पष्ट वाटलं पाहिजे. नाटकवाला हरला. तेव्हा नदीत सोडलेलं पोर बिनधास्त वापरा.

लाटेवरचा:
केस होईल याची भीती नाही हो, आमच्याकडून कोण काय वसूल करणार. लोक बघून 'हे बघितलंय' म्हणतील त्याची भीती आहे.

परळचो_दशावतारी:
म्हणू देत की. आमच्या दशावतारात गोष्ट पोराटोरांना पाठ असते, लिहिलेली संहिता नसते, मालक आधी कथानक सांगून पात्रं वाटतो आणि संवाद तिथल्या तिथे रचायचे. तरी लोक रात्रभर बसतात, कारण आज हा राजा काय बोलतोय ते बघायचं असतं.
तुझ्या स्क्रिप्टमध्ये मला होडक्यातलं पोर खटकलं नाही, दरवाजे खटकले. मुंबईत भरती आणि मोठा पाऊस एकत्र आला की नाल्यांची समुद्राकडची तोंडं बंद ठेवून पाणी पंपाने बाहेर फेकावं लागतं, नाहीतर समुद्र उलटा आत शिरतो. म्हणजे तुझा हिरो भरतीला दरवाजे उघडतो तेव्हा हिंदमाता, परळ बुडणार. तिथे कोण राहतं? त्यांच्या घरात पाणी शिरताना त्या कोळणीला काय वाटतं? आणि म्हाताऱ्याला मारू नकोस प्लीज. दरवाजे बांधायच्या कामावर तोच होता असं कर, आणि शेवटी पोराच्या आडवा तोच उभा राहू दे.